कागदाची मागची बाजू

माझ्या आवाजाला पहिलं काम लागलं ते सांबार विकायचं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि अकोल्याच्या भाजीबाजारात आईशेजारी बसून "घ्या सांबार, ताजा सांबार" असं ओरडायला मी शाळेत जायच्या आधीच शिकले. मोर्णा नदीच्या काठाला आमचं लहानसं वावर होतं. त्यात वांगी, मेथी, पालक आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेवंती. बाबा पाण्याचं बघायचे, आई विक्रीचं. बाजारात आमच्या दोन्ही बाजूंना पुरुष बसायचे, त्यांचे आवाज मोठे, त्यामुळे गिऱ्हाईक आमच्यापर्यंत पोचायच्या आत त्यांच्याकडे वळायचं. आईने मला शिकवलं की ओरडायचं ते घशातून नाही, पोटातून; आणि शेवटचा शब्द ओढायचा, म्हणजे तो गर्दीच्या डोक्यावरून पलीकडे जातो. पुढे कॉलेजात ज्याला श्वासाचा आधार म्हणतात असं मला कळलं, तो मला तिथे, गोणपाटावर बसून मिळालेला होता.

बी.ए.ला संगीत घ्यायचं म्हणून मी अमरावतीला आत्याकडे राहायला गेले. राजापेठेच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, शिंपीकाम करायचे. शाळांच्या गणवेशांच्या थप्प्या पुढच्या खोलीत, आणि खिडकीशी त्यांची शिलाई मशीन. ती सकाळी चहाबरोबर सुरू व्हायची आणि जेवणापुरती थांबायची. त्या घरात हळू बोललेलं कोणाला ऐकूच जात नसे. आत्या स्वयंपाकघरातून "भाकर वाढू का" असं विचारायची तेही मशीनच्या वर आवाज चढवून, आणि मामाजी पायडल न थांबवता "वाढ" म्हणायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा हे रोजचं जेवण. रविवारी बेसनाच्या पातोडीचा रस्सा, त्याच्या वासाने शेजारच्या दारातली माणसंही डोकावायची. मी रियाज करायची तोही मशीनच्या आवाजात. मामाजी मान हलवत ऐकायचे. एकदा म्हणाले, "मंदे, तू गाऊन राहिली का माही मशीन गाऊन राहिली, मलेच समजत नाई." ते कौतुक होतं.

आता मी फोनवर बोलते तेव्हा सून हळूच सांगते, "आई, फोन आहे तो, हाक नका मारू." मी आवाज खाली आणते. मला तो आणता येतो. कसा यायला लागला, तेच सांगायला बसले आहे.

कॉलेजात मुलींचं एक समूहगान पथक होतं. ते चालवणाऱ्या लिमये मॅडम त्याला वृंद म्हणत. त्या पुण्याकडच्या, बारीक अंगाच्या, सुती साडी, बोलणं मोजकं. निवड होती त्या दिवशी मी आमच्या गावच्या भजनातलं एक कडवं म्हटलं. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं, मग पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाल्या, "सूर पक्का आहे. बाकी सगळं शिकावं लागेल." निवडलेल्यांत मी अठरावी, म्हणजे शेवटची होते. आम्हा सगळ्यांना त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला एकेक कागद दिला. पुढच्या बाजूला मथळा होता, 'वृंदातील गायिकांकडून अपेक्षा'. चारच्या तालमीला पाच मिनिटं आधी येणे. गाणं स्वतःच्या हाताने उतरवून घेणे, दुसरीच्या वहीत बघायचं नाही. तालमीला काचेच्या बांगड्या नकोत, त्या वाजतात. घसा बसला असेल तर लपवायचं नाही. आपल्या आवाजापेक्षा शेजारणीचा आवाज आपल्याला जास्त ऐकू आला पाहिजे. आणि शेवटी, खाली रेघ मारून, 'कोणाचाही आवाज वेगळा ओळखू येता कामा नये.'

मागच्या बाजूला 'वर्षअखेर प्रत्येकीला काय आलं पाहिजे' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली सात गोष्टी. पेटीवर कोणताही सूर दिला तरी तो सा धरून गाता येणं, स्वरलिपी वाचता येणं, एकच ओळ मोठ्याने, मध्यम आणि हळू अशी सूर न सोडता गाता येणं, अर्धा वृंद वेगळी ओळ गात असताना आपली ओळ धरून ठेवता येणं, असं बरंच. बहुतेक मुलींनी तो कागद वहीत घडी करून ठेवला. मी तो आत्याच्या घरी मशीनवरच्या खिडकीला टाचणीने लावला आणि दोन्ही बाजू पाठ केल्या. मागची बाजू वाचायची झाली की टाचणी काढावी लागे. मला असा लेखी कागद कोणी पहिल्यांदाच दिला होता. आमच्याकडे काय करायचं ते सांगतात, आणि नाही जमलं तर पुन्हा मोठ्याने सांगतात. कोणी तुमच्याकडून काही अपेक्षा ठेवून ती छापून देतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पहिले दोन महिने मी जीव तोडून केलं. माझं 'पाणी' 'पानी' होत असे, ते सुधारलं. स्वरलिपी शाहीनने समजावली. शाहीन परतवाड्याची, हॉस्टेलवर राहायची, आणि तिचा आवाज इतका मऊ की बोलतानाही पुढे वाकावं लागे. आम्ही दोघी शेवटच्या रांगेत एकमेकींशेजारी होतो. पण माझा आवाज काही केल्या बाकीच्यांत मिसळेना. मी कमी करायला गेले की सूर घसरायचा, आणि सूर सांभाळला की तो सगळ्यांच्या वर जायचा. मॅडम पेटी थांबवून म्हणायच्या, "मंदाकिनी, जरा मागे." मी एक पाऊल मागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "जरा मागे." असं करत करत माझी पाठ भिंतीतल्या कपाटाला लागली. त्याच्या मागे जागाच नव्हती.

स्नेहसंमेलनाच्या दोन दिवस आधी तालीम संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. शाहीन वह्या गोळा करत तिथेच होती. "कार्यक्रमात तू फक्त ओठ हलव," मॅडम म्हणाल्या. रागाने नाही, अगदी साध्या सुरात, पंखा बंद कर म्हणावं तसं. "चेहरा प्रसन्न ठेव. रांग भरलेली दिसली पाहिजे." मी हो म्हटलं. का म्हटलं, हे मी पुढे अनेकदा स्वतःला विचारलं. मला वाटतं त्या क्षणी मला फक्त शाहीनच्या समोरून निघून जायचं होतं.

त्या कार्यक्रमाला आई अकोल्याहून आली. त्या दिवशीचा बाजार दुसऱ्या बाईवर सोपवून, एसटीने, हातात माझ्यासाठी वांग्यांची पिशवी घेऊन. सभागृहात ती शेवटच्या ओळीत बसली. मी रंगमंचावर शाहीनच्या बाजूला उभी राहिले आणि दोन्ही गाण्यांत ओठ हलवत राहिले. शब्द तोंडात यायचे, छाती भरून यायची, आणि मी तो श्वास नुसता सोडून द्यायची. टाळ्या झाल्या. बाहेर आल्यावर आईला घेऊन मी चौकातल्या गाडीवर गिला वडा खायला गेले. अमरावतीला आलेल्या पाहुण्याला तो खाऊ घालायचाच, दह्यात बुडालेला, वर लाल तिखट. आईने पहिला घास घेतला.

"पोरी चांगल्या गाऊन राहिल्या होत्या," ती म्हणाली.

मी द्रोणातल्या दह्यात चमचा फिरवत राहिले.

"तू कावून गाऊन नाई राहिली होती?"

"गात होती ना."

"मंदे, बाजारात मी पाठ करून बसली तरी मले समजते तू कुठं हाय. अन् तू मले सांगून राहिली?"

मग मी सगळं सांगितलं. कपाटापर्यंत मागे सरकल्याचं, ओठांचं, रांग भरलेली दिसण्याचं. आईने ऐकता ऐकता द्रोण संपवला, हात पदराला पुसले. मला वाटलं ती म्हणेल, मोठ्या लोकांचं ऐकावं. ती म्हणाली, "आपून बाजारात रिकामी पाटी मांडतो का, दुकान भरलेलं दिसावं म्हनून?"

"नाही मांडत."

"मंग?"

एवढंच बोलून ती बसस्टँडकडे चालायला लागली. गाडी लागलेली होती. खिडकीतून तिने वांग्यांचं सांगितलं, की उद्याच्या उद्या भाज, नाहीतर सुकतील. गाण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

सोमवारी मी चारला पाच मिनिटं कमी असताना तालमीच्या खोलीत गेले. कपाटाशी न जाता मी मॅडमच्या पेटीसमोर उभी राहिले. मुली येत होत्या, बसत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, यापुढे मी ओठ हलवणार नाही."

मॅडमनी वर पाहिलं. "मग तू वृंदात नसशील."

"कागदात ओठ हलवायचं कुठे लिहिलेलं नाही."

"कागदात लिहिलं आहे, की कोणाचा आवाज वेगळा ओळखू येता कामा नये. तू ते पाळतेस का?"

"नाही पाळत," मी म्हटलं. "पाळता येत नाही मला." इथपर्यंत मी प्रमाण भाषेत होते. पुढे राहिले नाही. "पण मागच्या बाजूनं लिहिलं हाय, का प्रत्येकीले एकच ओळ मोठ्यानं, मध्यम अन् हळू गाता आली पायजे. ते मले कोनी शिकवलं? तुमी मले मागं मागं सरकवलं फक्त. कागदाची पुढची बाजू आमची हाय मॅडम. मागची तुमची हाय."

मॅडमच्या कपाळावरची शीर दिसायला लागली, पण आवाज चढला नाही. त्यांनी पेटीवरून हात काढले आणि म्हणाल्या, "बाहेर जा."

मी बाहेर गेले. पण घरी गेले नाही. त्या खोलीला लांब व्हरांडा होता, थंडीच्या दिवसांत तिथे तिरपं ऊन यायचं. मी खिडकीखाली जमिनीवर बसले आणि तालीम संपेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला पाच कमी असताना तिथेच. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या शिपाईकाकांनी विचारलं, "पोरी, इथं काय करून राहिली?" मी म्हटलं, "तालमीले आली." त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाताना जिन्याखालचं बाकडं माझ्यासाठी ओढून ठेवलं. मला वृंदातून काढलं असेल, पण वेळेवर यायची अपेक्षा माझ्याकडून लेखी ठेवलेली होती, आणि ती मी पाळत होते. मॅडम जाता-येता माझ्या बाजूने जात आणि बघत नसत. मीही उठून उभी राहत नसे.

आत्याला हे कळलं तेव्हा ती घाबरली. "माफी माग अन् मोकळी हो," म्हणाली. मामाजींनी मशीन थांबवली, जेवणाची वेळ नसतानाही. "कशाची माफी? पोट्टीनं काम मागतलं, आराम नाई मागतला." मग पुन्हा पायडल सुरू.

त्या बाकड्यावर माझं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. आतलं नवीन गाणं मला शिकायचं होतं. शाहीन खिडकीशी बसायची आणि आपली वही अशी धरायची की मला स्वरलिपी दिसेल. दुसरीच्या वहीत न बघायचा नियम तेवढा आम्ही दोघींनी मोडला, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पण आतलं ऐकत गायचं म्हणजे माझा आवाज त्यांच्या खाली आणणं भाग होतं. मोठ्याने गायले तर आतलं ऐकू येईना. म्हणून मी गुणगुणण्याच्या जरा वर, ओठांपाशी गात असे. सूर डगमगायचा, ओळीच्या शेवटी श्वास संपायचा. चिडून मी पुन्हा करायची.

दोन-तीन आठवडे असे गेले असतील. एकदा मुली निघून गेल्यावर मॅडम कुलूप लावून वळल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"आवाज खाली आला की तुझा सूरही खाली येतो," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"माहीत आहे, मग काय करतेस त्याचं?"

"काय करायचं तेच माहीत नाही."

त्यांनी किल्ली पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "उद्या साडेतीनला ये." त्यांनी माफी मागितली नाही, मीही नाही. आमच्या दोघींच्याही स्वभावात ते नव्हतं.

साडेतीनच्या त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते नंतर कुठल्या वर्गात शिकले नाही. मॅडम माझ्या ओठांसमोर वहीचा पातळ कपटा धरायच्या आणि मला एक सूर लांबवायला सांगायच्या. कपटा थरथरला की, "श्वास सांडतोय. पुन्हा." माझा समज होता की हळू गायचं म्हणजे कमी जोर लावायचा. त्या म्हणाल्या, "जोर तेवढाच. तू बाजारात लावायचीस तेवढाच. फक्त तो बाहेर फेकायचा नाही, आत धरायचा." बाजाराचं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. पोट दुखून यायचं. हळू गायल्यावर मी मोठ्याने गाण्यापेक्षा जास्त दमायची. एकदा पेटी पुसता पुसता त्या सहज बोलून गेल्या, "मोठा आवाज लहान कसा करायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझा मुळातच लहान होता. तुझं काय करावं ते मला कळत नव्हतं." एखादी शिक्षिका विद्यार्थिनीला असं सांगते, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी पुढचा सूर लावला.

नंतर मी स्वतः अकोल्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं मुलामुलींचा वृंद चालवला. खोटं कशाला सांगू, 'तू नुसते ओठ हलव' हे वाक्य माझ्याही तोंडाशी चार-पाच वेळा आलं. एक मुलगा तर असा होता की त्याच्यामुळे अख्खी रांग बेसूर व्हायची. प्रत्येक वेळी मी ते गिळलं आणि त्याला अर्धा तास आधी बोलावलं. त्यामुळे आमचे नंबर गेले असतील. जाऊ देत.

मॅडमनी मला पुन्हा रांगेत घेतलं ते कपाटाशी नाही, मधोमध. त्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा नंबर आला नाही, पण सगळ्या अठरा जणी गायलो. वर्षअखेर मॅडमनी एकेकीला आत बोलावून मागच्या बाजूच्या सातही गोष्टी तपासल्या. समोर 'आलं' किंवा 'अजून नाही' एवढंच लिहायच्या. माझ्या सहा गोष्टींपुढे 'आलं' होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या, एकच ओळ मोठ्याने-मध्यम-हळू गाण्याच्या गोष्टीपुढे त्यांनी ते जरा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, असं मला वाटलं. पण अर्धा वृंद वेगळी ओळ गात असताना आपली ओळ धरून ठेवणं मला जमलं नाही. त्यासाठी आत बोलावलेल्या शाहीन आणि आणखी तिघी दुसरी ओळ गायला लागल्या की मी चार सुरांतच त्यांच्याकडे वाहत जायची. तीन वेळा प्रयत्न केला. मॅडमनी लिहिलं, 'अजून नाही'. मी वाद घातला नाही. ते खरंच होतं.

कागद घेऊन मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सकाळी बाबांनी विषय काढला. मला अमरावतीला धाडताना त्यांनी एका वर्षाचंच बोलणं केलं होतं, आणि वर्ष झालं होतं. वरूडकडचं एक स्थळ आलं होतं, संत्र्याचा मोठा बगीचा, माणसं चांगली, मागणी काही नाही. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की हे माझ्या भल्याचं आहे. आई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"मी वापस जाणार आहे," मी म्हटलं.

"शिकली ना एक साल. अजून काय बाकी हाय?"

मी आत जाऊन कागद आणला आणि मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. बाबांना वाचता येत होतं, सावकाश, बोट ठेवून. त्यांनी सहा वेळा 'आलं' वाचलं आणि मग त्या एका ओळीवर बोट थांबवलं.

"हे काय हाय?"

"बाकीचे दुसरं गात असले तरी आपलं सोडायचं नाही. ते मले आलं नाई अजून."

"सहा गोष्टी आल्या, एक नाई आली. एकासाठी अख्खं साल?"

"हो."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने दोरी दाताने तोडली आणि पुढची जुडी घेतली. घरात माझ्या बाजूने कोणी बोलणार नव्हतं, आणि मला त्याचं भयही वाटलं नाही. मी उभीच होते. मोठ्याने बोलले नाही. बोलू शकले असते, शेजारच्या वावरापर्यंत गेलं असतं.

"अन् पुढच्या साली नाई आलं तं?" बाबांनी विचारलं.

"तं त्याच्या पुढच्या साली."

बाबांनी त्या ओळीवरचं बोट काढलं. मग कागद त्यांनी नीट घडी करून माझ्याकडे परत दिला आणि पाण्याची मोटर चालू करायला वावरात निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्याच आठवड्यात वरूडला निरोप गेला, की पोरगी अजून शिकून राहिली आहे.